सुरळीत पार पडलेलं अपग्रेड

जगात एकटं कोणीच नसतं. संगणकातला प्रोग्राम तर नाहीच नाही. त्याला बोलवावं तर तो मेहुण्याला घेऊन येतो, मेहुणा चुलत्याला, आणि चुलत्याचं घरात आधीच बसलेल्या कोणाशी तरी बोलणं बंद असतं. तज्ज्ञ याला 'डिपेंडन्सी' म्हणतात. (आपण नातलग म्हणतो, आणि त्यावर उपाय नाही.)

कानांच्या दवाखान्यातला संगणक ज्यावर चालतो त्या लिनक्सचं अपग्रेड याच रीतीनं झालं. नव्या यंत्रणेला आवाजाची नवी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांचं सामायिक सामान, हवी होती, श्रवणयंत्र जुळवणाऱ्या प्रोग्रामला जुनीच. एका म्यानात दोघींचं जमेना. पण लिनक्स सभ्य गृहस्थ. विचारल्याशिवाय कोणाला घराबाहेर काढत नाही. कोण येणार, कोण जाणार, सगळं त्यानं पडद्यावर स्वच्छ मांडलं आणि विचारलं, पुढे जाऊ? संगणकवाल्यानं 'हो' दाबलं. (वाचायला लागणारा वेळ: अकरा मिनिटं. लागलेला: शून्य.)

अपग्रेड शंभर टक्के यशस्वी झालं. पडद्यावरच्या घड्याळाचे आकडे गोलसर झाले, खिडक्यांना मऊ सावली आली. श्रवणयंत्र जुळवणारा प्रोग्राम तेवढा गेला. रुग्णांना अडचण विचारण्यात आली; त्यांना ते ऐकूच आलं नाही, त्यामुळे तक्रारी निरंक.

दुसऱ्याच दिवशी एक आजोबा सुनेबरोबर आले, अजून न जुळवलेलं नवं कोरं श्रवणयंत्र खिशात घेऊन. परगावी असलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, उद्या ऑपरेशन होतं. आज संध्याकाळी तिचा फोन यायचा होता, आणि तिचा आवाज आताशा वाळल्या पानाइतका हलका झाला होता.

"आज नाही जमायचं," संगणकवाला सुनेला म्हणाला. "जुनं आणायचं तर नवं सगळं काढावं लागेल. डॉक्टरांना ते घड्याळ फार आवडलंय."

"पण जुनं काढताना संगणकानं विचारलं नव्हतं का तुम्हाला?"

"विचारलं की. रीतसर."

"मग?"

"वहिनी, तिथं हो म्हणायचं असतं. नाही म्हटलं की काम अडतं."

"काय म्हणतोय गं?" आजोबांनी विचारलं. सुनेनं आठ बोटं दाखवली. आठ दिवस.

संध्याकाळी फोन आला. अक्का बरंच बोलली. आजोबांनी प्रत्येक वाक्यानंतर अदबीनं थांबून "हो, हो" म्हटलं.

सकाळी ऑपरेशनला नेताना अक्कानं नर्सला दोनदा थांबवलं. "जरा दम धर गं. धाकटा येतोय. काल विचारलं तर हो म्हणालाय."

आजोबांचे कान गेलेले होते, त्यांना काय बोल लावायचा? संगणकवाल्याचे शाबूत आहेत. तुमचेही आहेत. मघाशी हे वाचताना आतल्या खोलीतून कोणीतरी काहीतरी विचारलं, आणि मान वर न करता तुम्ही "हो" म्हणालात.

काय विचारलं होतं?