थोरल्यांचे नाव बिलावरून उतरले, त्याची हकीकत

जाणत्या जनांनी सावध होऊन ऐकावे. मोठमोठ्या स्वाऱ्यांचे लिहिणारे पुष्कळ होऊन गेले. गड किती पडले, घोडी किती मेली हे त्यांनी लिहिले, परंतु घरात दिवा जळतो त्याचे पैसे कोण भरतो हे कोणी लिहिले नाही. म्हणोन दुमजली घरचे धाकटे धनी यांनी आज सकाळी आम्हांस बोलावून आज्ञा केली की, आमचे गच्चीवर सौर पॅनेले बसली, सरकारची सबसिडी पावली, आणि घातला पैसा फिरोन घरात आला, हे कर्म थोर. सबब जे घडले ते वाढवू नये, लपवू नये, आणि आमची फजिती जेथे जाहली तेथे शाई जरा हात राखोन वापरावी. आज्ञा शिरसावंद्य. शाईचे मात्र आमचे हाती नाही. ती वाहेल तैसी वाहेल.

तर त्या घराचे मूळ पुरुष थोरले धनी, हे एका कारखान्याचे कोठारावर भांडारपाल होते, आणि खिळा देखील सहीवाचून बाहेर जाऊ देत नसत. घरी येऊन त्यांचा एकच पराक्रम. कोणी खोलीतून बाहेर पडले की मागोमाग आपण आत शिरावे आणि दिवा-पंखा बंद करावा. खोलीत कोणी उरले आहे की नाही याची चौकशी मागाहून. एकदा एक आदरणीय पाहुणे न्हाणीघरात डोळ्यांस साबण लावोन उभे असता यांनी बाहेरून बटण दाबिले, आणि पाहुण्यांनी आपली दृष्टीच गेली ऐसे समजोन हंबरडा फोडिला. तेव्हांपासून गल्लीने त्यांस बटणराव हा किताब बहाल केला. महिन्याचे बिल आले की थोरल्यांनी ते शेजाऱ्यांचे बिलाशेजारी धरोन पाहावे आणि दोन दिवस मिशीत हसत हिंडावे. ऐसे ते बटणराव आजाराचे निमित्ताने निजधामास गेले, त्यास या मोहिमेचे आरंभी चार वर्षे लोटली होती. जेवणघराचे दाराशी बटणांचा जो फलक आहे, त्यातील एक बटण त्यांचे बोटाने झिजोन गुळगुळीत जाहले आहे. घरास रंग दिला तेव्हां तो फलक बदलावा ऐसी मसलत निघाली होती. थोरल्यांची पत्नी, म्हणजे मातुश्री, यांनी ती जागच्या जागी मोडोन काढिली.

थोरल्यांचे पश्चात राज्य ढिले जाहले. धाकटे धनी विमा कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासणारे, परंतु घरी खोलीमागे खोली उजळत ठेवणारे. सूनबाई भाषांतरकार, त्यांची कचेरी वरच्या मजल्यावर घरातच, आणि दिवसभर संगणक व पंखा चालू. मग पहिले थंड हवेचे यंत्र आले, आणि मग त्यास सोबत म्हणोन दुसरे आले, आणि बिल जे ओळीने चालत होते ते दौडू लागिले. तेव्हां धाकट्या धन्यांनी हाय खाऊन पॅनेलवाल्यास पाचारण केले.

पॅनेलवाला टेप घेऊन गच्चीवर चढला, पाण्याचे टाकीची सावली कोठे पडते ते पाहिले, आणि खाली येऊन जेवणाचे मेजावर मांडणी केली ती येणेप्रमाणे: पॅनेले दहा; खर्च भारी; परंतु खर्चाचा मोठा हिस्सा सरकार सबसिडी म्हणोन परत करील, ती येईतो मी तेवढे रकमेस थांबतो; बाकीचा पैसा बिल वाचोन वाचोन सहा वर्षांत वसूल होईल, आणि पुढे पॅनेले जगतील तोवर ऊन फुकट. धाकट्या धन्यांनी तो हिशेब तीन वेळा उलटा करोन तपासिला. गाठीस जो खजिना होता त्यात सबसिडी वजा जाता खर्च बसत होता, न जाता बसत नव्हता. म्हणजे सबसिडी नाही तर मोहीम नाही, ही गोष्ट सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट. मातुश्री कोपऱ्यात भाजी निवडीत होत्या, त्या मान वर न करिता बोलिल्या, "सहा वर्षं? म्हणजे मी अठ्ठ्याहत्तरची. बघू, पैसे आधी परत येतात का मी आधी जाते."

मग मोठे उत्साहाने अर्ज रवाना जाहला, आणि तितक्याच वेगाने परत आला. वीज कचेरीचे फर्मान ऐसे की, बिलावर ज्याचे नाव त्यासच सबसिडी. सबब अर्जदाराने जातीने हजर राहोन सही करावी. आता अर्जदार म्हणजे कोण? तर बिल आजवर थोरल्यांचेच नावे येत होते. धनी गेले तरी सिक्का त्यांचाच चालत होता, आणि कोणाचे काही अडत नव्हते म्हणोन कोणी पाहिलेही नव्हते. जो अर्जदार चार वर्षांमागे वर गेला, त्यास खाली बोलावणे धाकट्या धन्यांचे हाती नव्हते. नाव बदलावे म्हटले तर थोरल्यांची वारस म्हणोन मातुश्रींची सही पाहिजे. धाकट्या धन्यांस वाटले, सही काय, चुटकीसरशी होईल. कागद आणि लेखणी घेऊन मातुश्रींपाशी गेले, आणि येथेच त्यांची शिकस्त जाहली.

मातुश्रींनी कागद वाचिला, घडी घातिली आणि परत दिला. कारण विचारिता म्हणाल्या, "बँकेतून नाव गेलं, टेलिफोनवरून गेलं, दाराची पाटी तू नवी केलीस. महिन्यातून एकदा तो बिलवाला फाटकाशी उभा राहून त्यांच्या नावाने हाक मारतो. तेवढी राहू दे."

धाकट्या धन्यांनी पाटी नवी केली होती खरी, आणि जुनी कोठे ठेविली हे त्यांस आठवत नव्हते. ते कागद घेऊन माघारी फिरले. मग सूनबाई वकील म्हणोन रवाना जाहल्या. त्यांनी चहा केला, गोडीगुलाबीने बसल्या, आणि आडून आडून विचारिले की, नाव बदलले म्हणोन माणूस थोडाच बदलतो? त्यावर मातुश्रींनी बशीत चहा ओतीत उत्तर दिले, "लग्नानंतर माझं बदललं होतं. थोडंफार बदलतंच." सूनबाई रिकाम्या कपबश्या घेऊन माघारी आल्या आणि नवऱ्यास म्हणाल्या की, या गडावर पुन्हा मला पाठवू नये.

मग धाकट्या धन्यांनी मोहीम तहकूब केली, पॅनेलवाल्यास क्षमा मागितली, आणि सहा वर्षांचा तो सुंदर हिशेब मेजाचे डुगडुगणारे पायाखाली घडी करोन घातला. पुढले महिन्यात बिलवाला आला तेव्हां ते घरीच होते. फाटकाशी थोरल्यांचे पूर्ण नावाने हाक जाहली, आणि आतून मातुश्री पदर सावरोन "आले, आले" म्हणत ऐशा निघाल्या, जैसे बोलावणे त्यांनाच आहे. धाकटे धनी खिडकीतून पाहात राहिले. बापाची आठवण त्यांस फार दिवसांनी इतकी आली. सबसिडी गेली तर गेली, ऐसे त्यांनी मनाशी ठरविले, आणि ते मनापासून ठरविले.

परंतु उन्हाळा कोणाची भीड धरीत नाही. त्या साली तो ऐसा चढला की दोन्ही यंत्रे आठवडेच्या आठवडे थांबली नाहीत. मातुश्री थोरल्यांचे वारशाने बटणे बंद करीत फिरत, आणि त्यांची पाठ वळताच पुन्हा कोणी चालू करी. महिना भरला. बिलवाला आला, थोरल्यांचे नाव नेहमीपेक्षा मोठ्याने पुकारिले, आणि साऱ्या गल्लीचे देखत म्हणाला, "जरा बसून उघडा हं आजी." शेजारचे शिंपी मशीन थांबवोन ओट्यावर आले. मातुश्रींनी उभ्यानेच बिल उघडिले. वर थोरल्यांचे नाव ठळक, आणि खाली जो आकडा, तो थोरल्यांनी हयातीत सहा महिन्यांत मिळोन भरिला नव्हता.

मातुश्रींचा चेहरा लाल जाहला. त्यांनी बिल पदराखाली घेतिले, आत आल्या, दोन्ही यंत्रे बंद केली, आणि लेक व सून यांस मेजाशी उभे करोन फर्मान काढिले.

"ह्यांनी जन्मात एवढं बिल कधी येऊ दिलं नाही. त्यांच्या नावाखाली हा आकडा? लोक काय म्हणतील, गेल्यावर उधळे झाले? आजच्या आज नाव काढा."

धाकट्या धन्यांनी भीत भीत विचारिले की, मग कोणाचे नावे करावे.

"माझ्या. यापुढे जी शोभा व्हायची ती माझी होऊ दे."

आणि ज्या मेजाचे पायाखाली हिशेब होता, तो पाय धाकट्या धन्यांनी उचलिला आणि हिशेब बाहेर काढिला.

मग वीज कचेरीचे वेढ्याचे वर्णन किती करावे! एकदा छायाचित्र आडवे आले म्हणोन अर्ज फिरला, एकदा सही चौकटीबाहेर गेली म्हणोन फिरला, एकदा सर्व बरोबर होते तेव्हां यंत्रणाच बंद होती. मातुश्री प्रत्येक वेळी नवी साडी नेसोन जात आणि खिडकीवरल्या बाईस सांगत की, माझे काही अडले नाही, यांचे नाव तेवढे सोडवा. शेवटी त्या बाई इतक्या कंटाळल्या की त्यांनी स्वतः उठोन कागद वरिष्ठांपुढे ठेविला, आणि नाव बदलले. मग पॅनेलवाला परत आला, लोखंडी सांगाडे आले, आणि दहा पॅनेले जिन्याने चढू लागिली. जिन्याचे वळणावर धाकटे धनी हुकूम देत उभे होते; त्यांस बाजूस केल्यावर काम भराभर जाहले. पुढे मुआयना करणारे साहेब आले, त्यांनी तारा पाहिल्या, आणि दोन्ही बाजूंनी मोजणारे नवे मीटर बसविले, म्हणजे घरातली जास्तीची वीज बाहेर जाईल ती जमा धरली जाईल आणि बाहेरची आत येईल ती खर्ची पडेल.

सर्व सिद्ध जाहल्यावर पॅनेलवाल्याने धाकट्या धन्यांचे आणि मातुश्रींचे मोबाइलवर ॲप चढविले आणि म्हणाला की, यात आपले वीजकेंद्राचे नाव घालावे लागते, रोज त्याच नावाने वर्दी येईल. धाकट्या धन्यांनी सूर्यमहाल ऐसे भारदस्त नाव काढिले. सूनबाईंनी नाक मुरडिले. मातुश्री टाकीचे सावलीत उपड्या बादलीवर बसल्या होत्या. ज्या बाईने उभ्या संसारात नवऱ्यास नावाने वा किताबाने एकदाही हाक मारिली नव्हती, ती म्हणाली, "बटणराव घाला."

कोणी हसले नाही. पॅनेलवाल्याने दोनदा विचारोन अक्षरे घातिली. धाकटे धनी पाना आणितो म्हणोन खाली गेले. पाना गच्चीवरच होता. जिन्याचे वळणावर ते भिंतीस टेकोन रडले, हे आम्ही लिहितो, मग शाईविषयी आज्ञा काही का असेना.

दुसरे दिवशी उजाडताच मातुश्रींचा मोबाइल वाजला. वर्दी ऐसी की, बटणराव सुरू झाले. मातुश्रींनी चष्मा लावोन ती वाचिली आणि सुनेस दाखविली. म्हणाल्या, "चार वर्षांनी कामावर गेले." मावळतीस पुन्हा वर्दी आली, बटणराव, आज सोळा युनिट, आणि मातुश्रींनी ती शिंपीबुवांस ओट्यावर जाऊन वाचोन दाखविली. ढग आले आणि युनिट चार भरले त्या दिवशी कोणी विचारिता म्हणाल्या की, आज जरा बरे नाही त्यांना.

पुढे बिलवाला आला तो फाटकाशी मातुश्रींचे पूर्ण नाव घेऊन पुकारू लागला, आणि आतून उत्तर येईना. कारण त्या नावाने गल्लीत त्यांस आजवर कोणी हाकच मारिली नव्हती. तिसऱ्या हाकेस त्या दचकोन बाहेर आल्या. बिलावर नाव त्यांचे, आणि खाली आकडा भोपळा, म्हणजे शून्य. वरती काही युनिटे जमा. त्यांनी ते बिल शिंपीबुवांचे बिलाशेजारी धरोन पाहिले. मिशी नसल्याने हसू लपले नाही. त्याच पंधरवड्यात सबसिडी मातुश्रींचे खात्यात पावली आणि पॅनेलवाल्याचे उरलेले पैसे रोख चुकते जाहले.

त्यानंतर घरात एक लहानसे यादवी युद्ध जाहले, तेही नमूद केले पाहिजे. धाकटे धनी म्हणाले की, ऊन फुकट आहे, आता दिवसा काय वाट्टेल ते चालवा. मातुश्रींनी निवाडा दिला की, वर माणूस उन्हात राबतो आणि खाली तुम्ही उधळता, हे चालणार नाही. मग त्या पूर्वीप्रमाणे खोलीखोलीतून बटणे बंद करीत हिंडल्या, आणि दर महिन्यास घरातून बाहेर गेलेली वीज आत आल्याहून अधिक भरू लागली. हिशेबनीस धाकट्या धन्यांनी सहा वर्षे धरिली होती. हिशेबात मातुश्री धरिल्या नव्हत्या.

म्हणोन येथे दफ्तरी नोंद करितो की, पाच वर्षे पुरी होऊन सहावे भरण्याआधी, आजचे दिवशी, घातला पैसा शेवटले नाण्यासह घरी परतला. मातुश्री सत्त्याहत्तर वर्षांच्या, दात सोडोन सर्व शाबूत. आणि पैसे आधी येतात की मी आधी जाते या पैजेत पैसे हरले नाहीत आणि मातुश्रीही हरल्या नाहीत. धाकट्या धन्यांनी विजयाची रोषणाई म्हणोन तिन्हीसांजेस घरातला यच्चयावत दिवा लाविला, माळ्यावरला देखील. मातुश्रींनी तो थाट घटकाभर कौतुकाने पाहिला. इतक्यात मोबाइल वाजला, बटणराव बंद झाले. आणि मातुश्री गुडघ्यावर हात ठेवोन उठल्या, माळा, वरचा मजला, जिना, बैठक, एकेक दिवा मालवीत खाली आल्या. आम्ही जेवणघरात मेजाशी ही ओळ लिहीत आहो. मातुश्री दाराशी आल्या आहेत, त्या गुळगुळीत बटणावर बोट ठेवोन उभ्या आहेत, आणि विचारितात की, अजून किती राहिले. सबब मोहीम फत्ते जाहली, आणि बखर येथेच पुरी केली.