गारवाडीहून केलेली दुष्काळ पाहणी

दुष्काळाचा अभ्यास करायचा तर डोकं थंड लागतं. म्हणून १९७२ साली नगर जिल्ह्यातल्या दुष्काळाची पाहणी अकोले तालुक्यात, उंच डोंगरावरच्या गारवाडीतून करावी, असं एका खात्याने ठरवलं. (गारवाडीत दुष्काळ नव्हता, पण ही अडचण किरकोळ होती.)

तिथल्या विश्रामगृहात लंकाबाई स्वयंपाक करायची. तिची लेक मनकर्णा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मिरजगावला दिलेली. तिकडच्या विहिरी आटल्या होत्या आणि लेक खडी फोडायला जात होती. त्यामुळे पाहणीचे साहेब आले की लंकाबाईच्या जिवात जीव येई.

साहेब एप्रिलात आले, कारण खाली उन्हात अंदाज चुकतात. ऑगस्टात आले आणि धबधबे पाहून ‘पाऊस समाधानकारक’ असा शेरा मारला. डिसेंबरात दहा दिवस सहकुटुंब आले. दुष्काळाकडे कौटुंबिक दृष्टीनेही पाहायला हवं होतं.

दर खेपेला वाढता वाढता लंकाबाई म्हणे, "सायेब, येकडाव मिरजगावला जावा की. पान्याचा टँकर पायजे."

"यादीत आहे, बाई. पिठलं मात्र फर्मास!"

डिसेंबरात तिने पोस्टमनकडून लेकीला कार्ड लिहून घेतलं. आठवड्याभरात मनकर्णा एस.टी. बदलत बदलत हजर झाली. आईने तिला हाताला धरून थेट जेवणाच्या टेबलापाशी उभं केलं.

"तुमी मिरजगावला गेला न्हाई सायेब, मंग मिरजगावच हितं आनलं."

साहेब ताटावरून उठले. (माणूस भला होता, फक्त डोंगर उतरत नव्हता.) मनकर्णाचे सोललेले हात पाहून त्यांनी स्वतः पाणी दिलं. ती न थांबता तीन तांबे प्यायली. बाईसाहेबांनी डोळे पुसले. साहेबांनी तिथल्या तिथे लिहिलं, ‘मिरजगावची प्रत्यक्ष पाहणी झाली. टँकर मंजूर व्हावा.’

टँकर खरोखर सुटला. लंकाबाईने गावभर गूळ वाटला. खात्यालाही ही पद्धत इतकी सोयीची वाटली की परिपत्रक निघालं : ज्या गावाला पाहणी हवी, त्याने एक दुष्काळग्रस्त गारवाडीस स्वखर्चाने पाठवावा.

जानेवारीत विश्रामगृहापुढे अठरा गावं रांगेत बसली. लंकाबाई प्रत्येकाला म्हणायची, "आदी पानी प्या, मंग दुष्काळ सांगा."

सहलीला आलेल्या मंडळींनी मात्र अभिप्रायाच्या वहीत तक्रार नोंदवली, की या रांगेमुळे दरीचा देखावा नीट दिसत नाही. खाली सत्तावीस सह्या आहेत. अक्षरं सुवाच्य आहेत. आपलीही सही आहे, तिसऱ्या पानावर.