उत्तर ध्रुवावरच्या पेंग्विनची पत्रं

डिसेंबर लागला की आमचे शेजारी मेश्रामदादा नुसत्या बनियनवर घरामागच्या सायकलींच्या शेडमध्ये जाऊन बसतात आणि दार सताड उघडं ठेवतात. नेदरलँड्समधल्या या रायस्वाइकच्या थंडीत! पहिल्या वर्षी मला वाटलं, सुजाताशी भांडण झालं असणार. नवरा-बायकोत पडू नये म्हणतात, पण मी कॉफी घेऊन गेलेच. दादा कुडकुडत पत्र लिहीत होते.

"उत्तर ध्रुवावरून येणारं पत्र आहे, वहिनी. अक्षर थरथरलेलं पाहिजे. आणि खोटी थरथर पोरं लगेच ओळखतात!"

दादा नागपूरचे. दिवसभर कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात, म्हणजे इतरांच्या चुका काढतात, आणि उरलेल्या वेळात मराठीत अद्भुत कादंबऱ्या लिहितात. चार झाल्यात. उडणारे डोंगर, बोलणाऱ्या विहिरी, सगळं आहे त्यांत, फक्त वाचक नाहीत. सुजाता पहिल्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात आहे, गेली सहा वर्षं.

नाताळचं पत्र मात्र दर वर्षी ठरलेलं. मैत्री आणि राहुल या आपल्या पोरांसाठी, पानोपानी रंगीत चित्रं काढून. थोरल्या भावाने एकदा फोनवर झापलं, "आपण बौद्ध माणसं, हे नाताळ काहून?" दादा शांतपणे म्हणाले, "भाऊ, पत्राले धर्म नसतो, पत्ता असतो."

पत्र लिहिणारा असतो नाताळबाबाच्या ऑफिसातला हेडक्लार्क, एक पेंग्विन. मी शहाणपणा केला. म्हटलं, "दादा, पेंग्विन दक्षिण ध्रुवावर असतात." दादांना माझी कीव आली.

"बदली झालीये त्याची. सरकारी नोकरी आहे, वहिनी!"

मग दर वर्षी त्या पेंग्विनचे हाल. अस्वलसाहेब रजा देत नाहीत, रेनडिअरांची युनियन ऐन वेळी संप करते, फायलींच्या ढिगाऱ्यात पेंग्विनचा चष्मा हरवतो. इथे घरी कुणी नसलं की कुरिअरवाला पार्सल शेजारी देऊन जातो. म्हणून दादा स्वतःच पाठवलेलं पत्राचं पार्सल आलं, की बेल वाजली तरी पडद्यामागे दबा धरून बसतात. शेजाऱ्यांकडून आणलेल्या पार्सलवर पोरांचा जास्त विश्वास बसतो म्हणे. पोरांना मराठी समजतं, पण वाचता येत नाही. तेव्हा पंचवीस तारखेला दुपारी आम्हा सगळ्यांना बसवून दादा पत्र वाचणार, अस्वलाच्या आवाजासकट.

या वर्षी ऑक्टोबरातच मैत्रीने जाहीर केलं, "बाबा, नो पेंग्विन धिस इयर, प्लीज. आय ॲम इन ख्रुप आख्त!" म्हणजे प्राथमिक शाळेचा शेवटचा वर्ग. नाताळबाबाबिबा सगळं थोतांड आहे, हे तिला कळून चुकलं होतं.

डिसेंबर आला, शेडचं दार बंदच. "दोनच वाचक होते, वहिनी," ते मला म्हणाले. "ताई नाही ऐकणार तर राहुलही नाही ऐकणार. संपलं." एरवी मी त्यांची थट्टा करायची संधी सोडत नाही. त्या दिवशी नुसती कॉफी पुढे ठेवली. शिवाय माझ्या पोटात एक गुपित होतं.

ऑक्टोबरातल्याच एका बुधवारी, शाळा लवकर सुटते त्या दिवशी, मैत्री दप्तर घेऊन माझ्या दारात उभी राहिली होती. "काकू, टीच मी टू रीड मराठी. पण बाबाला सांगू नकोस." दप्तरात गेल्या वर्षीचं पत्र लपवलेलं. "बाबा चीट करतो. बघ, पानं एवढी भरलेली, आणि हा फाइव्ह मिनिट्समध्ये संपवतो. ही स्किप्स समथिंग!"

शेवटी चुका काढणाऱ्याचीच लेक ती. मग दर बुधवारी मी विकायला करते त्या जेवणाच्या डब्यांच्या पसाऱ्यात आमची बाराखडी सुरू झाली. जोडाक्षरांनी तिला रडवलं, आणि बापाने बनियनवर बसून कमावलेली ती अस्सल थरथर वाचताना मलाही घाम फुटला.

पंचवीस तारखेला तिने दादांना सोफ्यावर बसवलं, गेल्या वर्षीचं ते पत्र उघडलं आणि अक्षरावर बोट ठेवत मोठ्याने वाचू लागली. दादांनी आधी सुजाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा लेकीकडे. अस्वल आलं, संप आला, राहुल खिदळला. आणि मग मैत्रीने ते वाचलं, जे आम्ही कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

"इथे सगळे चांगले आहेत. मासे मिळतात, घर उबदार आहे. पण माझ्या भाषेत माझ्यावर कुणी रागवत नाही. पिल्लं आता अस्वलांच्या भाषेत हसतात. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो, आणि मला विनोद कळत नाही."

सुजाताने दादांचा हात धरला.

"बाबा, हे तू कधीच वाचलं नाहीस," मैत्री म्हणाली. मराठीत.

"अगं, ते... लांबत होतं, म्हणून गाळलं."

"सगळ्या पत्रांत गाळलंस?"

दादांनी मान हलवली. मैत्री उठली, कपाटातून आधीच्या सगळ्या वर्षांची पत्रं काढून आणली आणि बापाला अगदी खेटून बसली. राहुल दुसऱ्या बाजूने घुसला, "मी टू! मला पण शिकव!" मेश्रामदादा आमच्या सगळ्यांदेखत हमसून रडले आणि रडता रडताच हसायला लागले. मीही रडले, लपवत नाही.

मैत्रीने पहिलं पत्र उघडलं आणि विचारलं, "आता मी वाचू? काहीच नाही गाळणार."

"वाच," दादा म्हणाले. "सावकाश वाच, बेटा. मला काही घाई नाही."