तुलना गटातला गिर्यारोहक

विज्ञानाची प्रगती काही करणाऱ्या माणसांमुळे जितकी होते, तितकीच काहीही न करणाऱ्यांमुळेही होते. फक्त या दुसऱ्या वर्गाचा जाहीर सत्कार करण्याची पद्धत अजून पडलेली नाही. ही उणीव दूर व्हावी, या निःस्वार्थ हेतूने मी माझा अनुभव सादर करत आहे.

मी गिर्यारोहक आहे. म्हणजे आमच्या भागातल्या चढाईच्या हॉलचा मी सभासद आहे, माझ्याकडे चढाईचे उत्तम बूट आहेत (खोक्यासह), आणि कुठल्या कड्यावरून कोण का पडलं याविषयी माझी मतं ठाम आहेत. हॉलमधली मंडळी मला 'पायथा' म्हणतात. भिंतीखालच्या बाकावर बसून मी सगळ्यांना मार्गदर्शन करतो, त्याच्या आदरातूनच हे नाव पडलं असावं.

माझी भाची चढाईवरच डॉक्टरेट करते. माणूस भिंतीला लोंबकळला की कोपराखालचे स्नायू इतके आवळतात की त्यांच्यापर्यंत रक्तच नीट पोचत नाही. आतला ऑक्सिजन संपत जातो, हाताचा दगड होतो आणि बोटं आपोआप सुटतात. पकड जरा ढिली केली की रक्त परत येतं. मूठ आवळण्याचा नेमाने सराव केला तर ते लवकर परत येतं का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी हातावर एक पट्टा बांधतात. तो कातडीतून आत उजेड सोडतो आणि स्नायूत ऑक्सिजन किती उरला आहे ते संगणकाला कळवतो. (माझ्या बाबतीत संगणकाने सुरुवातीला 'पट्टा हातावर बांधा' अशी सूचना दिली. तो बांधलेला होता.)

तर, दोन गट. पहिल्याने सहा आठवडे मुठीत धरायची एक दांडी रोज आवळायची. दुसऱ्याने, म्हणजे तुलना गटाने, काहीच करायचं नाही. पहिला गट एका दुपारीत भरला. दुसऱ्यात कोणी टिकेना. चढणाऱ्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. एक जण दाराच्या चौकटीला लोंबकळताना सापडला, दुसरी गुपचूप टेनिसचा चेंडू दाबत होती. तुलना गट उभा राहिला नाही तर प्रबंध वर्षभर लांबणार होता. भाची रडकुंडीला आली.

"मामा," ती म्हणाली, "मला असा गिर्यारोहक हवाय, जो चढत नाही."

"अगं, पण असा माणूस मिळणार कुठे?" मी काळजीने विचारलं.

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी ही जबाबदारी संपूर्ण गांभीर्याने अंगावर घेतली. त्याच दिवशी बायकोने बरणीचं झाकण उघडायला दिलं. मी सौजन्यपूर्वक नकार दिला. त्यानंतर भाजीची पिशवी, अडकलेली खिडकी, पिळायच्या चादरीचं एक टोक, या सर्व बाबतींत माझी भूमिका सातत्याची राहिली. चहाचा कप धरलेला चालेल का, असं मी भाचीला लेखी विचारलं. तिने 'हो' असं कळवलं. (पुढे तीन उद्गारचिन्हं होती. विज्ञानात भावनेला इतका वाव असतो हे मला ठाऊक नव्हतं.) सराव गटातले लोक अधूनमधून दांड्या मारत. काही न करण्यातली माझी हजेरी मात्र शंभर टक्के होती. सुट्टीच्या दिवशीही मी खंड पडू दिला नाही.

पंधरा दिवसांनी बायको तणतणत प्रयोगशाळेत गेली. "तुझ्या मामाला सोडव यातून. घरातलं सगळं मी एकटी पिळतेय!"

तिला शांत करावं म्हणून भाचीने तिच्या हातात दांडी दिली. बायकोने ती आवळली. डोळ्यांसमोर कोणाचा गळा आणला होता हे तिने मला सांगितलं, पण ते इथे अप्रस्तुत आहे. मुद्दा असा की तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी, आवळायला आणखी काही मिळेल म्हणून, ऑफिसातून ती परस्पर चढाईच्या हॉलवर आली, आणि मग रोजच यायला लागली. लवकरच ती भिंतीवर चढायला लागली. मी बाकावरून तिच्या चुका सांगत असे. तिला त्या ऐकू जात नसाव्यात.

माझ्या शेवटच्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ती सगळ्यात उंच वाट चढायला निघाली. चढणाऱ्याचा दोर खालून धरणारा प्रशिक्षक दुसरीकडे अडकला होता.

"यांनाच धरू दे," ती म्हणाली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, काहीतरी धरून ठेवतील."

मी उद्याच्या चाचणीची आठवण करून दिली.

"बरं," ती म्हणाली, "मग दोर विज्ञानाच्या हातात द्या."

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी दोर घेतला. (दोर धरण्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. सभासद होताना तेवढं एक सक्तीचं होतं.) प्रशिक्षकाने मिनिटभर येऊन गाठी तपासल्या आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

ती वर गेली. शेवटच्या पकडीपाशी तिचा पाय सटकला आणि दोराला हिसका बसला. खरं तर असा भार कमरेला अडकवलेला, दोर अडवणारा खटका पेलतो, हात नुसता दोरावर असला की पुरतं. हे मी आजवर अनेकांना समजावून सांगितलं आहे. त्या क्षणी मी दोन्ही मुठींनी असा काही दोर आवळला, की प्रबंध, ऑक्सिजन, तुलना गट, काही म्हणता काही आठवलं नाही.

"धरलंय ना?" वरून आवाज आला.

"धरलंय."

"मग थांबा, परत बघते."

ती आणखी दोनदा पडली आणि मग पोचली. पोचल्यावर तिथेच लोंबकळत राहिली.

"उतर आता!" मी ओरडलो.

"थांबा हो! इथून तुमचा बाक किती छोटा दिसतो!"

ती खाली आली तेव्हा माझी बोटं उघडेनात. प्रशिक्षकाने ती एकेक करून सोडवली. बायकोने माझा हात मांडीवर घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंत चोळत बसली. (पट्टा तेव्हा बांधलेला नव्हता, त्यामुळे रक्त परत यायला किती वेळ लागला याची नोंद नाही. मला घाई नव्हती.)

दुसऱ्या दिवशी दांडी माझ्या हातात दिली आणि ती खाली पडली.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "काल काय केलंस तू?"

मी सांगितलं. ती आधी हसली, मग डोकं धरून बसली. माझी सगळी मोजमापं बाद झाली. कारणाच्या रकान्यात शेरा पडला : 'सहभागी व्यक्तीने काहीतरी केल्याचे आढळले.' माझ्याविषयी असा शेरा आजवर कोणी दिला नव्हता. ऑफिसात तर नाहीच.

आता मी आणि बायको संध्याकाळी आलटून पालटून दोर धरतो, त्यामुळे मी तुलनेच्या कामाचा उरलेलो नाही. महिनाअखेरपर्यंत माणूस मिळाला नाही तर भाचीचं वर्ष जाईल. माणूस असा हवा : चढाईविषयी कुतूहल असलेला, दुसरा चढताना चुका बरोबर दिसणारा, आणि आपणही कधीतरी जाऊ असं मनापासून म्हणणारा. आपण हे सगळं बसल्या जागी, बोटही न आवळता, शेवटपर्यंत वाचलंत. तेव्हा आपलं नाव मी कळवून टाकलं आहे. वेगळी तयारी काही लागणार नाही. जसे आहात तसेच सहा आठवडे राहा.