मुख्याध्यापिकाबाईंच्या पार्सलवरची चिठ्ठी

दादाच्या मते जगात गुप्तहेर दोन प्रकारचे असतात: एक पुराव्याच्या मागे धावणारे आणि दुसरे, ज्यांना शोधत पुरावा स्वतः घरी येतो. दुसऱ्या प्रकारात आजवर तो एकटाच होता. "माझी नुसती भुवई वर गेली की गुन्हेगार कबुली देतो," असं तो म्हणे. त्याच्या शिंपीण बहिणीने ती भुवई चाळीस वर्षं पाहिली होती. त्या भुवईला घाबरून घरातली मांजरसुद्धा कधी जागची हलली नव्हती.

आज मात्र शिंपिणीला हसू येत नव्हतं. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदाच कोट शिवायला टाकला होता. तो तिने पार्सलने धाडला. पार्सलवरच्या चिठ्ठीवर नेहमी नाव आणि पत्ता एवढंच असायचं. या वेळी त्याखाली हेही छापून गेलं: "पोट ४४. बाई श्वास रोखून माप देतात, दोन इंच जास्त धरणे."

चिठ्ठी आधी शिपायाने वाचली, मग शिक्षकांच्या अख्ख्या खोलीने. बाईंचा निरोप आला होता: पाच वाजता येते. शाळेचे सगळे गणवेश शिंपीणच शिवायची, ते आता जाणार हे दिसतच होतं. पण वीस वर्षांत कोणाचं माप तिच्या दुकानाबाहेर गेलं नव्हतं, ते आता गेलं, हे तिला जास्त लागलं होतं.

"मापं मोबाईलवरच्या मापवहीत असतात," ती म्हणाली. "चिठ्ठी छापणारं ॲप वेगळं. एकाचं दुसऱ्याला कळायचं कारणच नाही. दोघांची घरं वेगळी, कुलपं वेगळी."

"म्हणजे घरभेदी!" दादा ताडकन उठला. सुयांची डबी सांडली. "समोरचा शिंपी. त्याने दुर्बिणीतून तुझा मोबाईल वाचला."

"दादा, त्याला समोरचं गिऱ्हाईक दिसत नाही. परवा माझ्याच दारात येऊन स्वतःच्या दुकानाचा पत्ता विचारत होता."

"मग तुझा नवरा. नाहीतर बाई स्वतः, सहानुभूती मिळवायला."

"कसली सहानुभूती? पोटाची?"

दादाने भिंगातून मोबाईल तपासला. "अंगठ्याचा ठसा. तेलकट. माणूस खादाड आणि अत्यंत बेफिकीर."

सासूबाई कोपऱ्यात बसून काजं करत होत्या. छापील अक्षर दिसलं की शेवटपर्यंत वाचायची त्यांना खोड होती. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही त्या अर्धा सोडत नसत. त्यांनी मोबाईल मागून घेतला, चष्मा लावला आणि सेटिंग उघडून मोठ्याने वाचायला लागल्या. "'मापवहीतली माहिती चिठ्ठीच्या ॲपला द्यावी का? फक्त नाव-पत्ता, की सर्व?' उत्तर दिलंय, सर्व. रविवार, दुपारी तीन दहा."

"रविवारी तीनला मोबाईल कोणाकडे होता?" शिंपिणीने विचारलं.

दादा खाली बसून सुया वेचू लागला. "ती चौकट मॅचच्या मधोमध आली," तो सुयांना म्हणाला. "शेवटचे दोन चेंडू राहिले होते. 'सर्व'चं बटण मोठं होतं, ते दाबलं."

"वाचलं नाहीस?"

"वाचणं हे साहाय्यकाचं काम असतं."

दादाने मिळवलेली ही पहिलीच कबुली, आणि तीही स्वतःची. सासूबाईंनी 'सर्व' काढून 'फक्त नाव-पत्ता' केलं. त्याला अर्धं मिनिट लागलं.

पाच वाजता बाई आल्या, कोट घालूनच. शिंपिणीने सबब सांगितली नाही. "मापं माझ्या ताब्यात होती, बाई, आणि मोबाईल मी दुसऱ्याच्या हातात दिला. चूक माझीच. गणवेश दुसरीकडे दिलेत तरी माझं काही म्हणणं नाही."

"तीन दिवस मी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "लिहिलेलं खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला." त्यांनी कोटाच्या बाहीवरून हात फिरवला. "आज समारंभात हा कोट घालून तीन तास बसले. पहिल्यांदाच घड्याळाकडे बघितलं नाही."

शिंपिणीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. 'फक्त नाव-पत्ता.' बाईंनी ते दोनदा वाचलं.

"टेप काढा," त्या म्हणाल्या. "अजून एक कोट शिवायचाय. आणि या तपास अधिकाऱ्यांना आधी बाहेर पाठवा."

दादा गेला. सासूबाईंनी दार लावून घेतलं. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी श्वास सोडला.

"सेहेचाळीस," शिंपीण म्हणाली, फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात.