बेकरीवाल्याची गाडी आणि मामांची पारख

"नाही, ही नको," मामा म्हणाले, आणि अजून ते गाडीपर्यंत पोचलेही नव्हते.

भाचीने हातातली वळकटी फुटपाथवर टेकवली. "अजून पाहिलीत कुठं तुम्ही?"

"पाहायला कशाला लागते? उभी कशी आहे बघ. डावीकडे कलून."

"रस्ता कललाय, मामा."

भाची नर्स होती. डोंगरावरच्या एका दवाखान्यात तिची नेमणूक झाली होती. तिथवर बस जात नव्हती, आणि उद्या सकाळी ती हजर झाली नाही तर जागा दुसरीला मिळणार होती. जुनी, स्वस्त आणि चालणारी गाडी, यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं. त्यासाठी महिनाभर हाताशी होता, पण तो सगळा मामांच्या हाती गेला.

मामा पारखी होते. तसं त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. ते स्वतःच रुजू झाले होते. एका गाडीचा हॉर्न त्यांना रडवा वाटला. एक फार चालली होती म्हणून बाद झाली, आणि दुसरी फारच कमी चालली होती म्हणून संशयास्पद ठरली. तिसरीच्या मालकाचीच चाल त्यांना आवडली नाही. देवाने चंद्र आकाशात लावण्याआधी मामांना दाखवला असता, तर डागापायी तो परत गेला असता आणि आपण आजही अंधारात चाचपडत असतो. स्वतः मामांकडे गाडी नव्हती. घेण्याजोगी एकही त्यांना आजवर सापडली नव्हती.

आता मात्र शेवटचा दिवस उरला होता. भाची ट्रंक, स्टोव्ह, वळकटी, सगळं बिऱ्हाड बरोबर घेऊनच आली होती. गाडी मिळाली की दिवसाउजेडी डोंगर गाठायचा, असं तिने ठरवलं होतं.

गाडी एका बेकरीवाल्याची होती. पहाटेपासून दुकानोदुकानी पाव पोचवून पोचवून ती तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेली होती. बेकरीवाला भट्टीवरून तसाच उठून आला होता. डोळ्यांवर झोप आणि भुवयांवर पीठ. शेजारी त्याची बायको हात बांधून उभी होती.

मामांनी कामाला सुरुवात केली. दारावर ओरखडा होता. घड्याळ तासभर पुढे होतं. फटींमध्ये पांढरी पूड बसली होती. ती गंज झाकायला फासलेली पावडर असावी, असं त्यांनी जाहीर केलं, बोटाला लावून चाटली, आणि मैदा निघाल्यावर मैद्यालाही नावं ठेवली. पुढच्या कप्प्याचं झाकण नीट बसत नाही हे दाखवायला त्यांनी ते इतक्या वेळा उघडलं आणि आपटलं, की शेवटी ते त्यांच्या हातातच आलं.

"बघा," मामा विजयाने म्हणाले.

मग ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले आणि मुद्दाम हलले. सीट डुगडुगली.

"ही सीट आहे की पाळणा? डुगडुगणारी सीट विकणं म्हणजे शुद्ध फसवणूक."

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, त्या सीटवर आजवर पावाचे ट्रेच बसले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण खोट ती खोट. करपलेला पाव त्याने कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिला नव्हता, मग ही गाडी या पोरीला कशी द्यायची?

"दुरुस्त केल्याशिवाय किल्ली देणार नाही, साहेब," तो म्हणाला आणि पाना आणायला आत गेला.

मामा गांगरले. एवढ्या वर्षांत त्यांचं बोलणं कुणी मनावर घेतलं नव्हतं. लोक ऐकत, मान डोलवत आणि आपापल्या कामाला लागत. खोट काढणं हे मामांचं काम होतं. ती दुरुस्त होते, ही बातमी त्यांना नवीन होती.

बेकरीवाल्याने सैल बोल्ट आवळला. बोल्टचं डोकं पिळवटून तुटलं. मग तो काढायचा म्हणून बाकीचे सोडवावे लागले, त्यांतला आणखी एक तुटला, आणि थोड्याच वेळात सीट फुटपाथवर आली. गाडीत सीटच्या जागी नुसती पिठाळ जमीन उरली. आता वेल्डिंगशिवाय इलाज नव्हता, आणि वेल्डिंगवाला परवापर्यंत गावाला गेला होता.

"परवा या," बेकरीवाला घाम पुसत म्हणाला.

भाचीने ट्रंकेवर बसून फक्त मामांकडे पाहिलं. मग ती उठली आणि बेकरीवाल्याच्या बायकोकडे गेली. ब्रेक लागतात का, चढावर दमते का, थंडीत सुरू होते का, असं तिने विचारलं. बाई म्हणाली, रोज मीच चालवते, ये, आज तू चालवून बघ. दोघी गल्लीला वळसा घालून आल्या तेव्हा बाई मागे ट्रेच्या जागेत मांडी घालून बसली होती. मागची सीट केव्हाच काढलेली होती.

"चांगली आहे," भाची म्हणाली. "मामा, आता तुम्हीच समजवा यांना."

आणि जन्मभर खोट काढलेल्या माणसावर गुण सांगायची पाळी आली. मामांची जीभ त्या रस्त्याला कधी गेलीच नव्हती. ती पावलोपावली अडखळू लागली. सीट ही खरं तर चैन आहे, असं ते म्हणाले. घड्याळ पुढे असलं की माणूस वेळेवर पोचतो. ओरखड्यामुळे गाडी गर्दीत ओळखू येते.

बेकरीवाल्याचं समाधान होईना. "पण मघाशी तुम्हीच फसवणूक म्हणालात."

"डुगडुगणारीला म्हणालो," मामा म्हणाले. "नसलेली सीट डुगडुगते का?"

बेकरीवाल्याने झोपाळलेल्या डोळ्यांनी बराच विचार केला. यात त्याला खोट सापडेना. त्याने किल्ली भाचीच्या हातात दिली.

ट्रंक, स्टोव्ह, वळकटी मागे रचली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मामा सवयीने दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत शिरले आणि वाकून तसेच थांबले. भाचीने बाहेर येऊन त्यांना नमस्कार केला, जपून जा म्हणाली, आणि निघून गेली.

विकलेला माल मी घरात ठेवत नाही, असं म्हणून बेकरीवाल्याने सीट मामांच्या स्वाधीन केली. बसच्या कंडक्टरने त्यांना चढू दिलं नाही. आमच्या बसमध्ये सीटा आहेत, असं त्याने सांगितलं. मामा ती सीट डोक्यावर घेऊन चालत घरी आले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला तिच्याविषयी काही ना काही म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला. ती हजर झाली होती. निघायला उशीर झाल्याने रात्र वाटेत काढावी लागली, आणि पहाटे वाटेतल्या एका वस्तीवर अडलेल्या बाईला घेऊन लोक रस्त्यावर उभे होते. पुढे सीट नव्हती म्हणून वळकटी पसरून तिला आडवं करता आलं, असं ती सांगत होती. तेवढ्यात फोनमधून चिरका, लांबलचक आवाज आला.

"थांब," मामा मध्येच म्हणाले. "हा फॅनबेल्ट किंचाळतोय. बघितल्याबरोबर ओळखलं होतं मी. गाडी बंद कर आधी."

"मामा, बाळ आहे ते. आत्ताच झालंय."

मामांनी फोन कानाला घट्ट दाबला. बराच वेळ ते तो आवाज नुसता ऐकत राहिले.

"बाकी काही खोट नाही ना?" शेवटी त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही."

"नीट बघितलंस?"