आठव्या गाण्याच्या बदलीबाबत खुलासा

आमच्या जांभळ्या तबकडीवरच्या आठव्या गाण्याची मूर्तिजापूरला बदली झाली ती माझ्यामुळे, आणि तसा खुलासा मी माझ्या हातानं लिहून द्यावा असं मंडळानं ठरवलं, म्हणून लिहितोय. मला हौस नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसापुढं वही टाकायची आणि वर म्हणायचं, सविस्तर लिहा. मंडळाची वही सांभाळणाऱ्या वारकेबाईंनी पानाला समास आखून दिलाय. समासात लिहायचं नाही म्हणे. बरं.

तबकडी भुसावळच्या रेल्वेतल्या डग्लस ड्रायव्हरची. एकाहत्तर साली तो बायकोपोरांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला आणि जाताना रेकॉर्ड प्लेअर आणि ही एक तबकडी वामन भिरूडला देऊन गेला. वामन त्याच्या गाडीवर गार्ड असायचा. गाणी विलायती. चार केसाळ पोरांनी नशापाणी करून वाजवलेली, असं डग्लस स्वतःच सांगायचा. कव्हरवर एक जांभळा माणूस आहे, त्याच्या केसांतून झाडं उगवलीत आणि झाडांना डोळे आहेत. इंग्रजी आमच्यात कुणालाच धड येत नव्हतं, तेव्हा गाण्यांना आम्हीच नावं दिली. पहिलं धुराचं. दुसरं सतारीचं, ती सतार अशी वाजते की वाजवणाऱ्याला विंचू चावलाय. तिसरं उलटं, ते शेवटाकडून सुरुवातीकडं जातं. पाचवं विहिरीतलं. अशी आठ.

नियम सगळीकडं असतो तोच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आम्ही मंडळाचे अकरा जण वामनच्या पुढच्या खोलीत जमतो. प्रत्येकानं आपलं आवडतं गाणं सांगायचं. ते लावतात, बाकीच्यांनी गप्प बसून ऐकायचं, आणि गाणं संपेपर्यंत सुई उचलायची नाही. एकदा सांगितलेलं मत वर्षभर बदलत नाही. ज्या गाण्याला एकही मत पडलं नाही त्याची बदली होते. आमचं मूळचं चौथं शहाऐंशी साली असंच दौंडला गेलं. त्याच्या जागी अकोल्याहून एक पाळणा आला. सुरुवातीला तो बुजायचा, आता त्याला इब्राहिम मिस्त्रीचं मत असतं आणि तो चांगला मोठ्यानं वाजतो.

आता माझं. मी सुपडू तायडे, रेल्वेत गँगमन होतो. तीस वर्षं खांद्यावर हातोडा घेऊन रूळ तपासत चाललो. पहिल्या वर्षी वामननं मला या खोलीत आणून बसवलं तेव्हा खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळलं नाही. कुणी ओरडतंय, कुणी उलटं बोलतंय. मग सगळ्यात शेवटी एक गाणं आलं. खर्र-टक. खर्र-टक. त्यात बाई नाही, बुवा नाही, सतार नाही. लांबून एकटी ट्रॉली येत असावी आणि रुळांच्या सांध्यावर तिचं चाक पडत असावं, तसं. ते मला कळलं. मी म्हटलं, माझं शेवटचं. वामन तेव्हा मंडळाचा सचिव होता, त्यानं लिहून घेतलं. तेव्हापासून दर करीला मी शेवटी मत द्यायचो आणि एवढंच म्हणायचो, माझं शेवटचं.

माझी पाळी आली की आधी आठवं लागायचं. एक माणूस हळू आवाजात गातो, मागं पेटीसारखं काहीतरी. मला वाटायचं ही माझ्या गाण्याच्या आधीची तयारी आहे. मी ते संपायची वाट बघायचो. ते संपलं, खर्र-टक सुरू झालं, की इब्राहिम सुई उचलायला उठायचा आणि वामन दर वर्षी त्याला म्हणायचा, "राहू दे थोडं." दोन-तीन मिनिटं राहायचं. तेवढं मला वर्षभर पुरायचं. सुई उचलली की मला वाटायचं, गाणं संपलं.

वामनला मोतीबिंदू झाला म्हणून यंदा वही वारकेबाईंकडं गेली. बाई पार्सल ऑफिसातून रिटायर झालेल्या.

"तायडेभाऊ, तुमचं?"

"शेवटचं. दरवर्षीचंच."

"आकडा सांगा."

"आकडा कशाला? वामन शेवटचं म्हटलं की लिहायचा."

"मी एकतीस वर्षं पार्सलं नोंदवली, भाऊ. 'शेवटचं पोतं' असं लिहिलं असतं तर ते पोतं अजून फिरत असतं. कितवं?"

मी बोटांवर मोजलं. "नववं."

"गाणी आठ आहेत."

"आठवं ते मुळूमुळू वाजतं ते. त्याच्या पुढचं."

इब्राहिमनं सुई ठेवली. आठवं वाजलं, संपलं. मी बोट वर केलं. "हं. हे बघा. हे."

खर्र-टक. खर्र-टक.

इब्राहिम माझ्याकडं बघतच राहिला. "भाऊ, ही तर सुई घासून राहिली नुसती. गाणं संपलं ना भो."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच. "पन्नास वर्षं सुपडूभाऊ सुईला मत देऊन राहिले!" "भाऊ, पुढच्या साली पंख्याला द्या, तोही कुरकुरतो." "अन् आम्ही तोंडाला कुलूप लावून बसायचो, भाऊचं गाणं चाललंय म्हणून!" इब्राहिमच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. मला कानापासून मानेपर्यंत चटका बसल्यासारखं झालं. सांध्याच्या पट्टीला हातोडा मारला की नुसत्या आवाजावरून ढिली कोणती ते सांगणारा मी, आणि गाणं कुठलं आणि घासणं कुठलं हे मला कळलं नव्हतं.

दोन माणसं हसली नाहीत. एक वामन. तो जमिनीकडं बघत होता. दुसऱ्या वारकेबाई.

"तायडेभाऊ," बाई म्हणाल्या, "मत मी अजून लिहिलेलं नाही. बाकी दहांची मतं झाली, त्यांत आठव्याला एकही नाही. आजवर ते तुमच्या मतावर राहिलंय. आठ लिहू?"

एक शब्द बोलायचा होता. आठ. बोललो असतो तर ते गाणं राहिलं असतं, इब्राहिमनं पाठीवर थाप मारली असती, चहा आला असता. पण मग मी सुईला मत देणारा म्हातारा, हे मीच कबूल केलं असतं.

"नऊ लिहा," मी म्हटलं.

"सुपडू," वामन म्हणाला. एवढंच.

"माझं मत आहे. ज्याला हसायचं त्यानं हसावं."

आता कुणी हसत नव्हतं. बाईंनी नियमांची वही उघडली. नियम तीन, तबकडीवर जे वाजतं ते गाणं. "वैध आहे," त्या म्हणाल्या आणि लिहिलं. मग दुसरा कागद घेऊन आठव्याचा कार्यमुक्तीचा आदेश लिहिला. त्यांचं अक्षर फार चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवं उतरलं. तबकडीवर त्याची जागा धुतलेल्या पाटीसारखी गुळगुळीत झाली. दहाच्या पॅसेंजरला अजून वेळ होता, तेव्हा ते गल्लीतून एकेकाच्या दारात निरोप घेत आलं, बदली झालेली माणसं घेतात तसं. इब्राहिमच्या बायकोनं त्याला ओवाळलं. वारकेबाईंनी आदेशाची प्रत दिली. मग ते माझ्या दारात येऊन थांबलं. मी आतून कडीवर हात ठेवून उभा होतो.

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की मी त्याचा माणूस आहे. त्याच्या वेळी मी डोळे मिटून बसायचो ना. वाट बघताना मी डोळे मिटतो, ती माझी सवय आहे.

ते दारात सुरू झालं. पहिल्यांदा मी ते पुढचं काही यायची वाट न बघता ऐकलं. मध्ये एका ठिकाणी तो माणूस गायचा थांबतो आणि मागं कुणीतरी कपबशी खाली ठेवतं. अगदी जपून, आवाज होऊ नये म्हणून, तरी होतोच. मग तो पुन्हा गातो. ती कपबशी मला पन्नास वर्षांत कधी ऐकू आली नव्हती. कडी काढावी असं वाटलं. पण काढून बोलायचं काय? गाणं पूर्ण झालं. ते थोडा वेळ तसंच उभं राहिलं. मग गेलं. मी कडी काढली नाही. हे मी लिहितोय कारण बाईंनी सविस्तर म्हटलंय.

संध्याकाळी वामनकडं गेलो.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. तू खर्र-टकवर मान डोलवत होतास."

"मग बोलला का नाहीस? मी समजत होतो चार माणसांत माझी लाज राखून राहिलास."

वामननं चष्मा काढून पुसला. "खोटं कशाला बोलू. तुझी लाज नाही राखली. गाण्याची बदली टाळली."

"म्हणजे?"

"मला आठवंच आवडायचं, सुपडू. पहिल्यापासून. पण सतारीच्याला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझं मत तिकडं द्यावं लागायचं. तू शेवटचं म्हणालास, मी आठ लिहिलं. दोन्ही गाणी राहिली."

"मला येडा ठेवलास पन्नास वर्षं."

"येडा नाही ठेवला. मत ठेवलं."

"अन् दर वर्षीचं ते 'राहू दे थोडं'?"

"तेवढं तुझ्यासाठी होतं," वामन म्हणाला.

मी त्याच्या दारात थुंकलो आणि घरी आलो. हेही लिहून ठेवतो.

आठ दिवसांनी मूर्तिजापूरला गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं. तिथं एका बॅन्डवाल्याकडं लग्नातल्या चालींची तबकडी आहे, तिच्यावर दोन चालींच्या मध्ये आमच्या आठव्याला जागा मिळालीय. जरा दाटीवाटी आहे. बॅन्डवाला भला माणूस, त्यानं लावून दाखवलं. नवरदेवाची चाल संपली आणि ते सुरू झालं. आवाज थोडा उघडलाय. कपबशी होती.

मी म्हटलं, "मी सुपडू तायडे. भुसावळ."

ते थांबलं नाही. चालू गाणं कशाला थांबेल.

बॅन्डवाल्याला विचारलं, परत पाठवता येईल का? तो म्हणाला, "आता कसं? इथं दोन मतं आहेत त्याला. एक माझं, एक सुनेचं. सून त्याच्यावर पोराला निजवते."

"मग माझंही एक लिहून घ्या."

"तुम्ही बाहेरगावचे, काका," तो म्हणाला, आणि मला एक केळं दिलं. भुसावळच्या माणसाला केळं. मी ते गाडीत खाल्लं.

आता इथली स्थिती लिहितो म्हणजे खुलासा पूर्ण होईल. गाणं संपेपर्यंत सुई उचलायची नाही, हा नियम मी वर लिहिलाच आहे. नववं मंजूर झालं ते सुई त्याच्यावर असताना, आणि ते संपत नाही. करीपासून आज चौदावा दिवस, ते चालू आहे. वीज गेली की थांबतं, आली की तिथूनच पुढं. त्यामुळं बाकीच्या सात गाण्यांना आपापल्या माणसांना भेटता आलेलं नाही. इब्राहिम रोज येतो, पाळण्याच्या जागेकडं बघतो आणि जातो. मला काही म्हणत नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. आठव्याची जागा भरायला बाईंनी अर्ज पाठवलाय, पण सुई हलल्याशिवाय नवीन गाण्याला चढता येणार नाही असं कळतं.

सुईजवळ कुणीतरी बसावं लागतं, म्हणून पाळ्या लावल्यात. सकाळी सहा ते दहा माझी. घर वामनचं, त्यामुळं तोही समोर बसलेला असतो. आम्ही बोलत नाही. नववं आता मला पूर्वीसारखं वाटत नाही. मी ऐकतो तेव्हा ट्रॉली येत नाही. सुई घासते एवढंच ऐकू येतं, आणि मध्येच मी कपबशीची वाट बघत असल्याचं माझ्या लक्षात येतं. साडेसातला वामन चहा आणतो आणि माझी कपबशी माझ्यापुढं ठेवतो. जपून ठेवतो, तरी वाजतेच.

वारकेबाईंनी शेवटी एक रकाना ठेवलाय, खुलासा देणाऱ्याचं काही येणं बाकी आहे काय. आठव्याचं येणं माझ्याकडं आहे, ते मला माहीत आहे, ते इथं लिहायची सोय नाही. माझं येणं एकच. एक माफी. पन्नास वर्षांची आहे, अजून मागितलेली नाही, आणि ज्यानं मागायची तो हे लिहिताना माझ्यासमोर चष्मा पुसत बसलाय. नाव वामन तोताराम भिरूड, रिटायर गार्ड, भुसावळ.